इंग्रजी ॲक्सेंट ऐकताना कान ताळ्यावर कसा ठेवायचा

कोल्हापूरच्या माणसाला ॲक्सेंट म्हणजे काय हे कुणी शिकवायला लागत नाही. आपली पोरगी पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि पहिल्या दिवशी "मी आलो गं" म्हणाली की रूममेट आधी हसणार, मग विचारणार कोल्हापूरची का तू, आणि पाचव्या मिनिटाला गावाकडनं येताना तांबड्याचा मसाला घेऊन ये म्हणून मागं लागणार. म्हणजे पाच मिनिटांत ती अडाणी झाली, मग रांगडी झाली, मग दिलदार झाली, आणि बोलली किती तर तीन शब्द. हेच सगळं इंग्रजीत होतं, फक्त तिथं आपण दोन्ही बाजूला असतो, आपल्याला कुणी हसतं आणि आपण केरळच्या नाहीतर बिहारच्या माणसाला हसतो, आणि गोरा माणूस कायपण पुटपुटला तरी मान डोलवत येस येस करतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या एक्सपोर्ट डेस्कला आहे, पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग बाहेर जातात, त्यामुळं फोनवर जर्मनीचा खरेदीवाला, अमेरिकेचा क्वालिटीवाला, चेन्नईचा फॉरवर्डर म्हणजे माल जहाजानं पाठवून देणारा असे सगळे येऊन जातात. नवीन पोरं जॉइन झाली की एकच विचारतात, सर ॲक्सेंट कसा सुधारायचा. मी म्हणतो आधी कान सुधार, तोंडाचं नंतर बघू, कारण निम्मी भानगड बोलणाऱ्याच्या तोंडात नसतेच, ऐकणाऱ्याच्या डोक्यात असते. खाली तोच क्रम ठेवलाय.

आधी एक वही करा

वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात लिहा "कळलं किती", दुसऱ्यात "कळायला त्रास किती झाला", तिसऱ्यात "ॲक्सेंट किती वेगळा वाटला". कुठलाही इंग्रजी कॉल, मुलाखत, यूट्यूबवरचं भाषण ऐकलं की तिन्ही रकान्यात दहापैकी मार्क टाका. सुरुवातीला सगळे तिन्ही रकाने एकमेकांना बांधूनच मार्क टाकतात, म्हणजे वेगळा वाटला की त्रास झाला आणि कळलं नाही असं धरूनच चालतात, आणि खरी मेख तिथंच आहे.

कॅनडात मरे मनरो आणि ट्रेसी डर्विंग या दोघांनी १९९५ साली हेच तपासलं होतं. मूळची मँडरिन चिनी बोलणारी माणसं इंग्रजीत बोलली, ते इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ऐकवलं, आणि ऐकलेलं शब्दन्‌शब्द लिहून काढायला लावलं. कित्येकांनी वाक्य अगदी बरोबर लिहिलं, आणि तरी त्याच आवाजाला "ॲक्सेंट फार जड आहे" म्हणून शेरा मारला. म्हणजे सगळं कळलं, आणि तरी नाक मुरडलं. तुमच्या वहीत पण असं दिसायला लागेल. आमचा चेन्नईवाला गाडी सुटल्यासारखा बोलतो, तिसऱ्या रकान्यात त्याला नऊ मिळतात, पण कंटेनर कुठल्या तारखेला, कटऑफ म्हणजे माल पोचवायची शेवटची वेळ किती, हे त्याचं आजवर कधी चुकीचं ऐकू आलेलं नाही. उलट एक अमेरिकन आहे, आवाज एकदम सिनेमातला, सगळे ऐकत बसतात, फोन ठेवला की एकमेकांना विचारतात काय म्हणाला रे तो.

हे मत आपल्या डोक्यात आलं कुठनं

यात जरा थांबतो कारण हे कळलं की पुढचं सोपं जातं.

न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली विल्यम लबोव नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं एक भारी युक्ती केली. तीन दुकानं निवडली, सॅक्स म्हणजे श्रीमंतांचं, मेसीज मधल्या लोकांचं, आणि क्लाइन स्वस्तातलं. प्रत्येक ठिकाणी जाऊन नोकरांना अशी वस्तू विचारायची की उत्तर "फोर्थ फ्लोर" असंच यावं, आणि मग ऐकू न आल्यासारखं करून परत म्हणायला लावायचं. बघायचं एवढंच की "फोर्थ" आणि "फ्लोर" मधला र उच्चारतायत का गिळतायत. सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी कुठं ना कुठं र उच्चारला, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये साधारण २०. म्हणजे तिथं र म्हटला की माणूस वरच्या दर्जाचा. आता लंडनला जा, तिथं नेमकं उलटं, बीबीसी छाप साहेबी इंग्रजीत "कार" चा र गिळतात आणि र ठासून म्हणणारा म्हणजे खेड्यातनं आलेला असं समजतात. र तोच. एका शहरात सुटाबुटातला आणि दुसऱ्या शहरात शेतावरचा.

बरं, ते साहेबी इंग्रजी तरी सगळे इंग्रज बोलत असतील म्हणावं तर तसंही नाही. पीटर ट्रजिल या भाषाशास्त्रज्ञाचा जुना अंदाज होता की ब्रिटनमध्ये ते बोलणारे तीन टक्क्यांच्या आसपास. उरलेले ९७ टक्के आपापल्या गावचंच बोलतात, कोण लिव्हरपूलचं, कोण न्यूकासलचं, कोण ग्लासगोचं. आणि आपण इथं राजारामपुरीत क्लास लावून त्या तीन टक्क्यांच्या मागं.

अजून एक. बीबीसीनं २००४ साली ऑनलाइन सर्व्हे घेतला, त्याचा अभ्यास कूपलंड आणि बिशप यांनी २००७ मध्ये छापला. पाच हजारांवर लोकांनी ३४ ॲक्सेंटना मार्क दिले, किती प्रतिष्ठेचा वाटतो आणि किती गोड वाटतो. बर्मिंगहॅम तळाला गेलं, स्कॉटिश आणि दक्षिण आयर्लंडचं गोडव्यात वर आलं, आणि "एशियन" म्हणून जो ॲक्सेंट होता, म्हणजे आपलीच भावंडं, तो खालच्या बाजूला. पण मजा ही की लोकांना आवाज ऐकवलेलाच नव्हता! फक्त नावांची यादी दिली होती. "बर्मिंगहॅम" हे नाव वाचूनच मार्क कापले. बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं शहर, धुराडी, कामगार, ते सगळं त्या मार्कात आलं. आमच्या शिरोलीवाल्याला हे चांगलंच कळतंय.

कुणी म्हणेल काही आवाज मुळातच कानाला वाईट लागतात. त्याचंपण उत्तर आहे, १९७४ साली छापलेल्या एका प्रयोगात ग्रीक अजिबात न कळणाऱ्या इंग्रजांना अथेन्सची प्रतिष्ठित ग्रीक आणि क्रीट बेटावरची गावरान समजली जाणारी ग्रीक, दोन्ही ऐकवल्या, आणि कुठली चांगली ते त्यांना ठरवता आलं नाही. ज्याला तिथलं राजकारण, पैसा, शहर-खेडं माहीत नाही त्याचा कान कोरा असतो.

आणि आता आपल्या कामाचं. "थ्री", "थिंक" म्हणताना जीभ दातांच्या मधनं काढायची असते, आपण सरळ मराठी थ लावतो. याला क्लासवाले मोठी चूक म्हणून घासत बसतात. आयर्लंडमध्ये कितीतरी लोक "थ्री" ला "त्री" म्हणतात, जीभ तशीच दाताला लावून, आपल्या त-थ च्या शेजारीच. त्याच आयरिश ॲक्सेंटला सर्व्हेत गोड म्हणून वरचे मार्क, आणि आपल्या पोराला "मदर टंग इन्फ्लुएन्स आहे" म्हणून रिजेक्ट. एमटीआय हा शब्द ज्यांनी कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूत ऐकलाय त्यांना तो किती टोचतो ते विचारा.

घरच्या घरी टेस्ट

वाचून पटत नसेल तर करून बघा, रविवारी दुपारी दोन तासांचं काम आहे. याची मूळ पद्धत माँट्रियलमध्ये वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६० साली काढली. एकच माणूस दोन भाषांत तोच मजकूर वाचतो, ऐकणाऱ्यांना सांगतात की ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि स्वभावाला मार्क द्यायला लावतात. तिथं फ्रेंच आणि इंग्रजी होतं, आणि इंग्रजी बोलताना त्याच माणसाला लोकांनी जास्त हुशार, जास्त भरवशाचा ठरवलं. फ्रेंच बोलणाऱ्यांनीसुद्धा! स्वतःच्याच भाषेला स्वतःच कमी मार्क दिले.

आपण पहिल्यांदा मराठीत करायचं. घरात असा एकजण असतोच जो मित्रांत "बसा की ओ, जाताय कुठं" बोलतो आणि बँकेत गेला की एकदम प्रमाण भाषा. त्याच्याकडनं तोच मजकूर दोन्ही पद्धतीनं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, अर्धा मिनिट पुरे, विषय बिनरंगाचा ठेवा, गॅस सिलिंडर कसा बुक करायचा असला काहीतरी. शब्द दोन्हीत सारखेच पाहिजेत, फक्त हेल बदलला पाहिजे, नाहीतर लोक शब्दांवरनं ठरवतात. मग दोन्ही व्हॉइस नोट अशा लोकांना पाठवा ज्यांना तो आवाज ओळखीचा नाही, काही पुण्याचे, काही इचलकरंजी-गडहिंग्लजचे, आणि मध्ये तिसऱ्याच कुणाचातरी एक आवाज टाका म्हणजे संशय येत नाही. तीन प्रश्न विचारा: हा किती शिकलेला वाटतो, याला बँकेचा मॅनेजर म्हणून बसवाल का, आणि रात्री कागल नाक्यावर गाडी बंद पडली तर दोघांपैकी कुणाला फोन कराल.

बहुतेक वेळा काय येतं ते सांगून ठेवतो. शिक्षण आणि मॅनेजर प्रमाण भाषेला, आणि रात्रीचा फोन कोल्हापुरीला. जगभर ॲक्सेंटच्या अभ्यासात हेच दोन काटे परत परत येतात, एक मान-हुद्द्याचा आणि एक आपलेपणाचा. अमेरिकेत कॅथरीन किंझलर आणि सहकाऱ्यानं २०१३ साली इलिनॉय आणि टेनेसी या दोन राज्यांतल्या मुलांना उत्तरेचा आणि दक्षिणेचा ॲक्सेंट ऐकवला, तर नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी दोन्हीकडं सांगितलं की उत्तरेचा माणूस हुशार, दक्षिणेचा माणूस चांगला. टेनेसी स्वतः दक्षिणेत आहे! पाच-सहा वर्षांच्या पोरांत हे अजून पक्कं झालेलं नव्हतं, म्हणजे मधल्या चार वर्षांत टीव्ही, शाळा, मोठी माणसं यांनी ते भरलं. आपल्या सिरियलीत कोल्हापुरी बोलणारा एकतर पैलवान असतो नाहीतर खळखळून हसणारा ड्रायव्हर, डॉक्टर कधी बघितलाय?

नंतर हेच इंग्रजीत करा. आणि टेस्ट झाली की ज्यांना पाठवलं त्यांना खरं काय ते सांगून टाका, फसवून ठेवू नका, उगाच भांडणं लागतात.

कान कसा तयार करायचा

पहिली गोष्ट, चेहरा झाका. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना एकाच बाईचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकवलं, बाई अमेरिकनच, इंग्रजी मातृभाषा. एका गटाला ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, दुसऱ्याला आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. दुसऱ्या गटाला तिचा ॲक्सेंट परका ऐकू आला, आणि लेक्चरमधलं त्यांच्या लक्षात पण कमी राहिलं. आवाज तोच, फोटोनं कान बंद केला. त्यामुळं नवीन माणसाचा व्हिडिओ बघताना पहिली दोन मिनिटं स्क्रीन उलटी करून ठेवा, वहीत मार्क टाका, मग बघा. फरक पडला तर तो तुमच्या डोळ्याचा.

दुसरी, पहिलं मिनिट सोडून द्या. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवलं की परक्या ॲक्सेंटचं इंग्रजी ऐकताना सुरुवातीला माणूस मंद पडतो पण मिनिटभराच्या आत कान जुळायला लागतो, काही वेळा दोन-चार वाक्यांतच. म्हणून कॉलवर पहिल्या वाक्यालाच क्वांटिटी आणि रेट काढायचा नाही. पाऊस विचारा, सुट्टी विचारा, पंचगंगेला पाणी किती आलंय ते सांगा, तेवढ्यात कान बसतो. लोकांना वाटतं ही नुसती गोड गोड बडबड आहे, कामाची आहे ती.

तिसरी, एकाच माणसाला ऐकत बसू नका. ब्रॅडलो आणि बेंट यांचं २००८ चं काम आहे, चिनी ॲक्सेंटच्या एकाच माणसाला ऐकून सराव केला तर तोच माणूस नीट कळायला लागतो, पण चार-पाच वेगवेगळ्या माणसांना ऐकलं तर त्या ॲक्सेंटचा नवीन माणूससुद्धा कळतो. पोरं काय करतात, एक आवडता अमेरिकन यूट्यूबर पकडतात आणि वर्षभर तोच. नका करू. आठवड्याला एक देश घ्या, रोज वेगळा आवाज. आयईएल्ट्स म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी तर हे करायलाच पाहिजे, तिथल्या लिसनिंगमध्ये ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंड, उत्तर अमेरिकन सगळे येतात.

आता कुठला ॲक्सेंट कुठं दगा देतो ते माझ्या टेबलावरनं सांगतो, पूर्ण यादी नाही, जिथं पैसे अडकतात तेवढंच.

अमेरिकन माणसाचं "कॅन" आणि "कान्ट". इंग्रज "कान्ट" म्हणतो म्हणून कळतं, अमेरिकन शेवटचा ट गिळतो, मग "वी कॅन शिप" का "वी कान्ट शिप"? लोक ट ऐकायला कान टवकारतात, तो येणारच नाही. स्वर ऐका. जमतंय असं सांगताना तो "कन्" असं घाईत म्हणून पुढच्या शब्दावर जोर देतो, "वी कन् शिऽप". जमत नाही सांगताना "कॅऽन्" वरच जोर बसतो. हे एकदा कानात बसलं की परत चुकत नाही. तसंच थर्टी म्हणजे "थर्डी", फॉर्टी म्हणजे "फॉर्डी", मधला ट मऊ होतो, पण थर्टीन, फोर्टीनमध्ये ट कडक राहतो. म्हणजे ट कडक ऐकू आला तर तेरा-चौदा, ड सारखा वाटला तर तीस-चाळीस.

न्यूझीलंडचा माणूस "टेन" म्हणाला की आपल्याला "टिन" ऐकू येतं आणि "सिक्स" चं जवळजवळ "सक्स" होतं. ऑस्ट्रेलियनचा "डे" आपल्याकडं "डाय" होऊन पोचतो, "टुडे" म्हणजे आज, मरायला कुणी निघालेलं नाही. जर्मन माणसाचं बरं असतं, शब्द सुटे टाकतो, फक्त शब्दाच्या शेवटचा ड-ग-ब कडक होतो, "बॅड" चं "बॅट" ऐकू येतं, आणि "वी विल" चं "व्ही व्हिल". जपानी माणसाचे र आणि ल एकमेकांत मिसळतात, ते आवाजावरनं सोडवायच्या नादाला लागू नका, वाक्यावरनं काढा. स्कॉटिशचा एवढा बाऊ करतात पण त्याचा र ठणठणीत असतो, आपल्याला सोपा जातो.

देशातलं राहिलं. गुजराती माणूस "स्नॅक्स" ला "स्नेक्स" म्हणाला की आपण हसतो, बंगाली "व्ह" चा "भ" करतो, उत्तरेकडचे "स्कूल" च्या आधी इ लावतात, मल्याळी स्वर गोल करून बोलतो. हसायच्या आधी एवढंच बघा की आपण "झिरो" म्हणताना नक्की काय म्हणतोय, आणि "वेडनेसडे" मधला पहिला ड कुठनं आणलाय.

आपल्या तोंडाचं काय करायचं

आता ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत आलाय. माझं सरळ मत आहे, ॲक्सेंट बदलायचा नाही, ज्या दोन-चार जागी समोरच्याला खरंच वेगळा शब्द ऐकू येतो तेवढ्या जागा दुरुस्त करायच्या. आयईएल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये चार गोष्टींना समान वजन आहे, उच्चार त्यातली एक, आणि तिथंसुद्धा बघतात ते कळतंय का, तुम्ही लंडनचे वाटताय का ते नाही.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे प, ट, क. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हे आले की जोरात हवा सुटते, आपण मराठीसारखं कोरडं म्हणतो. इंग्रजी कानाला कोरडा प हा ब वाटतो. मग आपला "पंप" त्यांना "बंप" ऐकू येतो, आणि "कोट पाठवतो" (कोटेशन) म्हटलं की त्यांच्या कानात "गोट", शेळी पाठवतोय हा माणूस! यावर उपाय असा, वहीच्या कागदाची बोटभर पट्टी फाडा, ओठांसमोर धरा आणि "पंप" म्हणा. पट्टी हलली नाही तर परत म्हणा, जरा हवा सोडून, पण फ करायचा नाही, ओठ आधी पूर्ण मिटले पाहिजेत. पट्टी फडफडली की झालं. तसंच "टाय" आणि "डाय", डाय कास्टिंगवाल्यांनी तर नक्की करा. रोज पाच मिनिटं, आरशासमोर नको, बाइकवर जाता जाता पण जमतं, मास्क असला तर हवा गालाला लागते ते कळतं.

दुसरी जागा व. मराठी व हा त्यांच्या दोन व च्या बरोबर मध्ये बसतो, त्यामुळं आपण कुठलाही म्हटला तरी त्यांना दुसराच ऐकू येतो. व्हॉल्व्ह, व्हॅल्यू, व्हेंडर म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि भुंग्यासारखा आवाज काढा. वेट, विड्थ, वेल्ड म्हणताना दात लागता कामा नये, ओठांचा शिट्टीसारखा चंबू. ड्रॉइंगवरच्या शब्दांची यादी करून दोन ढीग करा आणि म्हणा. आमच्याकडं शॉप फ्लोरवर व्हॉल्व्हला "वॉल" म्हणतात ते तिथं ठीक आहे, चालतंय की, बायरला ती भिंत वाटते.

तिसरी जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं म्हणतो, इंग्रजीत एकावर जोर आणि बाकीची खाल्ली जातात. आर. के. बन्सल यांनी १९६० च्या दशकात भारतीय इंग्रजी बाहेरच्यांना कितपत कळतं याचा अभ्यास केला होता, त्यात शब्दातल्या चुकीच्या जागी पडणारा जोर हे न कळण्याचं मोठं कारण निघालं. सगळी डिक्शनरी पाठ करायची गरज नाही, तुमच्या कामातले तीस-चाळीस शब्द घ्या. "टॉलरन्स" मध्ये टॉ वर, "सर्टिफिकेट" मध्ये टि वर, "कंपोनंट" मध्ये पो वर, "ॲनालिसिस" मध्ये ना वर. जोराच्या अक्षराला टेबलावर बोट आपटायचं, बाकीची हळू.

आणि जे सोडून द्यायचं ते: थ, टाळूला लागणारा ट-ड, घोळवलेला र. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली परदेशी लोक एकमेकांशी इंग्रजी बोलताना नेमकं कशामुळं अडतात याची मांडणी केली, त्यात थ च्या उच्चाराला त्यांनी अनावश्यक ठरवलं. विमानवाल्यांच्या रेडिओत तर थ्री ला अधिकृतपणे "ट्री", फाइव्ह ला "फाइफ" आणि नाइन ला "नाइनर" म्हणायचं असतं, म्हणजे जिथं चूक झाली तर माणसं मरतील तिथं थ काढून टाकलाय.

खोटा अमेरिकन ॲक्सेंट मात्र करू नका. दोन वाक्यं टिकतो, तिसऱ्याला अडखळलं की कोल्हापुरी बाहेर येतं, आणि समोरचा त्या अडखळण्यातच गुंततो.

माणूस निवडताना

ज्यांच्या हातात इंटरव्ह्यू असतात त्यांच्यासाठी एवढंच. लेव्ह-आरी आणि केसार यांनी २०१० साली शिकागोला एक प्रयोग केला, उंटापेक्षा जिराफ जास्त दिवस पाण्याशिवाय राहतो असली वाक्यं वेगवेगळ्या ॲक्सेंटमध्ये ऐकवली आणि खरं वाटतंय का विचारलं. बोलणारे फक्त लिहून दिलेलं वाचतायत हे ऐकणाऱ्यांना माहीत होतं, तरी परक्या ॲक्सेंटची वाक्यं कमी खरी वाटली. कशासाठी चाललंय हे आधी सांगितलं तर हलक्या ॲक्सेंटचा तोटा भरून निघाला, जड ॲक्सेंटचा नाही. म्हणजे "मला माहीत आहे, मी भेदभाव करत नाही" म्हणून भागत नाही, पद्धत बदलायला लागते. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमानं, मार्क लगेच, आणि एक लेखी काम, एक ईमेल लिहायला लावा. उच्चाराला मार्क द्यायचेच असतील तर "कळलं किती" या रकान्याला द्या, "वेगळा किती" ला शून्य वजन. गारगोटीची एखादी पोरगी कॉन्व्हेंटवाल्यापेक्षा ईमेल कितीतरी स्वच्छ लिहिते, हे आमच्या टेबलावर दिसतंय.

फोनवर शेवटचा बंदोबस्त

कान तयार झाला, तोंड तयार झालं, तरी लाइन खराब असते, मागं ग्राइंडर चालू असतो, आणि आकडा चुकला तर माल परत येतो. म्हणून आकडे सुटे म्हणा, "वन फाइव्ह, फिफ्टीन" किंवा "फाइव्ह झिरो, फिफ्टी", आणि समोरच्याकडनं परत म्हणवून घ्या. नुसतं ओके घेऊ नका, ओके सगळेच म्हणतात. अक्षरं सांगताना "बी फॉर बॉम्बे, के फॉर कोल्हापूर" देशात चालतं, बाहेर समोरच्याला कोल्हापूरच आधी स्पेलिंग करून सांगायला लागतं. तिथं विमानवाल्यांची यादी वापरा, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, ती १९५६ पासून तशीच चालू आहे आणि वेगवेगळ्या भाषांच्या लोकांच्या तोंडात बसेल अशीच निवडलेली आहे, म्हणून त्यात अल्फाचं स्पेलिंगसुद्धा मुद्दाम एफ घालून केलंय, पीएच लिहिलं तर सगळ्यांना त्याचा फ होतो हे कळत नाही म्हणून. छापून फोनशेजारी चिकटवा, हीट नंबर (माल कुठल्या वितळणीतला तो नंबर) आणि पार्ट नंबर त्यातनंच सांगा, आणि कॉल संपला की दहा मिनिटांच्या आत ठरलेलं सगळं ईमेलवर टाका.